चमक धातूची की लॅकरची? अलॉय व्हील्सच्या सफाईबद्दल वाचकांचे प्रश्न

चकचकीत अलॉय व्हील्स कशी धुवावीत, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिलं उत्तर थोडं लांबलं आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया तिथेच आहे.

प्रश्न: माझ्या गाडीची व्हील्स आरशासारखी होती. स्पोकच्या कोपऱ्यातला काळेपणा शाम्पूने जाईना, म्हणून स्प्रेचा व्हील क्लीनर आणून मारला. सात-आठ मिनिटांनी धुतलं तर जागोजागी पांढरट, ढगाळ ओघळ दिसू लागले. कितीही पुसलं तरी जात नाहीत. क्लीनर नकली होता का? चमक परत येईल का?

उत्तर: नकली असेलच असं नाही. चांगल्या कंपनीचा क्लीनरही चुकीच्या व्हीलवर पडला तर हेच होतं. अलॉय व्हील म्हणून जे विकलं जातं त्याचा पृष्ठभाग वेगवेगळ्या प्रकारचा असतो. काही व्हील्सवर रंग आणि त्यावर पारदर्शक लॅकर असतं. डायमंड कट व्हीलचा दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत केलेला असतो आणि त्यावरही लॅकरच असतं. काही व्हील्सना क्रोमचा मुलामा असतो, काही अ‍ॅनोडाइज्ड असतात, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर जाड केलेला असतो. आणि काही निव्वळ पॉलिश केलेली असतात, म्हणजे तुम्ही बोट लावता ते थेट अ‍ॅल्युमिनियमला. तुमची व्हील्स या शेवटच्या प्रकारची असण्याची शक्यता बरीच आहे.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा थर आपोआप तयार होतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो, पण खालच्या धातूला तोच सांभाळतो. पीएच, म्हणजे आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा (७ म्हणजे मध्यम), साधारण ४ ते ८.५ असेल तोवर हा थर टिकतो. त्याखालच्या आम्लात तो विरघळतो आणि त्यावरच्या अल्कलीतही विरघळतो. लोखंड वापरणाऱ्याला हे चटकन पटत नाही, कारण कॉस्टिक सोड्याचं (कडक अल्कलीचं) पाणी लोखंडाला फारसं काही करत नाही. अ‍ॅल्युमिनियमला मात्र ते अक्षरशः खातं. थर गेला की उघडा धातू खरवडल्यासारखा खडबडीत होतो. हा खडबडीतपणा डोळ्यांना दिसत नाही, पण प्रकाश त्यावरून सरळ परतण्याऐवजी विखुरतो आणि जागा पांढरट दिसते. क्लीनर जिथून ओघळला आणि जिथे सुकला तिथे जास्त, म्हणून ढगाळ ओघळ. थोडक्यात, वर काही बसलेलं नाही, वरचा धातूच खाल्ला गेला आहे. त्यामुळे पुसून ते जाणार नाही.

आधी खात्री करून घ्या. व्हीलची एक न दिसणारी जागा शाम्पूने स्वच्छ धुऊन कोरडी करा. हे टाळू नका, कारण ब्रेकच्या धुळीनेही फडकं काळं होतं आणि चाचणी फसते. मग पांढऱ्या सुती फडक्यावर करंगळीच्या नखाएवढं मेटल पॉलिश घ्या आणि दहा-बारा वेळा हलक्या हाताने घासा. फडकं काळं झालं तर उघडं अ‍ॅल्युमिनियम आहे. पॉलिशचा मूळ रंग तसाच राहिला तर वर लॅकर आहे, नाहीतर क्रोम किंवा अ‍ॅनोडाइज्ड थर. क्रोमची झाक किंचित निळसर आणि गडद असते, अ‍ॅल्युमिनियमची पांढुरकी. शेजारी ठेवली तर फरक लगेच कळतो.

उघडं अ‍ॅल्युमिनियम असेल तर चमक परत येते. ओघळावरून नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर नुसतं मेटल पॉलिश पुरेल. खरखरीत लागलं तर पॉलिश पेपर लावावा लागेल, त्याची रीत पुढे दिली आहे. लॅकर निघालं तर मात्र मेटल पॉलिश लावू नका. गाडीच्या रंगावर वापरतात ते बारीक फिनिशिंग पॉलिश एका कोपऱ्यात लावून बघा. डाग लॅकरच्या वरवर असेल तर निघेल. लॅकरच आतून दुधी झालं असेल तर ते उतरवून नव्याने मारून घेणं एवढाच उपाय आहे.

पुढच्या खरेदीसाठी एक सांगतो. बाटलीवर ‘नॉन-अ‍ॅसिड’ किंवा ‘आम्लरहित’ वाचून निश्चिंत होऊ नका. असे पुष्कळ क्लीनर कडक अल्कलीचे असतात. ‘पीएच न्यूट्रल’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि पॉलिश केलेल्या उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर चालतं असा उल्लेखही हवा. यांतला एकही उल्लेख नसेल तरी बाटली परत ठेवा.

आणि घटकांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड दिसलं तर व्हील कुठलंही असो, घरात ते आणूच नका. पातळ द्रावण कातडीला लागलं तर लगेच आग होत नाही. दुखणं काही तासांनी सुरू होतं आणि तोवर फ्लोराइड आत पोचलेलं असतं. लागलंच तर दुखायची वाट न बघता जागा भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा, बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. त्यावरचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल तिथे मिळेल.

प्रश्न: उघड्या पॉलिशची व्हील्स दर आठवड्याला धुवायची योग्य पद्धत कोणती? चरे पडू नयेत म्हणून काय करावं?

उत्तर: गाडी सावलीत लावा आणि व्हील हाताला थंड लागेपर्यंत थांबा. लांबच्या प्रवासानंतर यासाठी सहज अर्धा-पाऊण तास जातो. गरम व्हीलवर शाम्पू क्षणात सुकतो आणि त्याचे डाग बसतात. शिवाय तापलेल्या ब्रेक डिस्कवर थंड पाणी ओतणं डिस्कच्या तब्येतीला चांगलं नाही.

एका वेळी एकच व्हील घ्या. चारही भिजवून ठेवली की चौथ्यापर्यंत पोचेस्तोवर दुसरं सुकलेलं असतं.

सुरुवात नुसत्या पाण्याने करा. स्पोकच्या मागून, व्हीलच्या आतल्या नळकांड्यावर, नटांच्या खोबणीत पाणी मारा आणि सुटी माती-वाळू वाहून जाऊ द्या. चरे पडतात ते याच वाळूने. साबणाचा हात फिरवण्याआधी जेवढी वाळू जाईल तेवढी चांगली.

मग दोन बादल्या घ्या. एकीत १० लिटर पाण्यात बाटलीवरच्या प्रमाणात पीएच न्यूट्रल कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जाळी असेल तर उत्तम, घाण खाली राहते. मायक्रोफायबरचा मोजा शाम्पूत बुडवा, आधी व्हीलचा आतला भाग, मग स्पोकच्या कडा आणि शेवटी दर्शनी भाग पुसा. प्रत्येक दोन-तीन स्पोकनंतर मोजा साध्या पाण्यात खळबळा. नटांच्या खोबणीसाठी मऊ केसांचा छोटा ब्रश लागतो. त्याच्या दांड्याला किंवा टोकाला उघडी तार किंवा धातूची पट्टी नाही ना, ते बघून घ्या. एका फटक्यात रेघ उमटते. व्हील्सचा मोजा बॉडीवर कधीही वापरू नका. त्यात अडकलेले लोखंडाचे कण रंगावर जाळं काढतात.

भरपूर पाण्याने धुतल्यावर लगेच पुसा. हे काम बहुतेक जण सोडून देतात आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमला तेच सगळ्यात जास्त नडतं. जड पाण्याचा थेंब सुकला की मागे क्षाराची कडी राहते आणि काही आठवड्यांत ती पॉलिशमध्ये उमटते. मायक्रोफायबरने आधी पाणी टिपून घ्या. नटांच्या खोबणीत साचलेलं पाणी ब्लोअरने किंवा हवेच्या पंपाने उडवा, नाहीतर गाडी हलताच ते बाहेर येऊन कोरड्या व्हीलवर ओघळ काढतं.

धुणं संपलं की गाडी थोडी हळू चालवून ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा. डिस्क कोरडी होते आणि रात्रभरात येणारा वरवरचा गंज कमी येतो.

प्रश्न: पुढच्या दोन्ही व्हील्सवर तपकिरी बारीक ठिपके आहेत. धुतल्यावर ते आणखी उठून दिसतात. अ‍ॅल्युमिनियमला गंज चढतो का? व्हील्सवर लॅकर आहे.

उत्तर: हा गंज व्हीलचा नाही, ब्रेकचा आहे. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि पॅड दोन्ही झिजतात. डिस्कचे लोखंडी कण तापलेल्या अवस्थेत उडतात, लॅकरमध्ये रुततात आणि तिथे ओलाव्याने गंजतात. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून ठिपके पुढे जास्त.

यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. त्यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. लोखंडाशी संयोग झाला की ते जांभळं होतं आणि कण पाण्यात विरघळणाऱ्या रूपात सुटतो. वास उग्र असतो, केस कुरळे करण्याच्या लोशनसारखा. कारण त्यातही याच कुळातलं रसायन असतं. उघड्यावर वापरा आणि नायट्राइलचे हातमोजे घाला.

व्हील आधी धुऊन पाणी टिपून घ्या, म्हणजे द्रावण पातळ होणार नाही. मग फवारा मारा आणि ३ ते ५ मिनिटं थांबा. जांभळे ओघळ दिसू लागले की मऊ ब्रशने हलवा आणि धुऊन टाका. सुकू मात्र देऊ नका. सुकलेला जांभळा डाग काढणं मूळ ठिपक्यांपेक्षा अवघड जातं. हट्टी ठिपक्यांसाठी एकाच वेळी जास्त थांबण्यापेक्षा दोनदा लावा. त्यानंतरही हाताला कण टोचत असतील तर भरपूर शाम्पूच्या पाण्यासोबत क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा.

उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर आयर्न रिमूव्हर वापरायचं तर त्या बाटलीवर तशी परवानगी असावी आणि तरीही आधी आतल्या बाजूला तपासावं. तिथे ठिपके पॉलिशने निघतात, त्यामुळे सहसा त्याची गरज पडत नाही.

प्रश्न: व्हिनेगर, लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, भांड्यांचा साबण यांतलं काय चालेल?

उत्तर: व्हिनेगर आणि लिंबू दोन्हींचा पीएच २ ते ३ च्या आसपास असतो. वर सांगितलेल्या ४ च्या खाली. उघड्या पॉलिशवर नकोच. लॅकरवर क्षाराचे डाग असतील तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडक्याने अर्धा मिनिट लावावं आणि लगेच धुवावं. लॅकरला तडा किंवा चीर असेल तर तेही नको, आम्ल आत शिरतं. सोडा अल्कलीकडे झुकतो आणि त्याचे न विरघळलेले कण चरे पाडतात. टूथपेस्ट उघड्या धातूवर थोडं उजळवते खरं, पण तिच्यातल्या कणांची जाडी धातूच्या पॉलिशसाठी ठरवलेली नसते. लॅकरवर ती धूसर चरे सोडते. भांड्यांचा साबण एखाद्या वेळी चालेल. रोज वापरलात तर संरक्षणाचं वॅक्स किंवा सीलंट तो धुऊन नेईल.

स्टील वूल, म्हणजे भांडी घासायची तारेची घासणी, पूर्ण वर्ज्य. चरे तर पडतातच, शिवाय तिचे लोखंडी तुकडे मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात. दोन वेगळे धातू आणि ओलावा एकत्र आले की त्या जागी खड्डे पडायला सुरुवात होते.

प्रश्न: डायमंड कट व्हीलच्या कडेला लॅकरखाली पांढरे धागे पसरत चालले आहेत. पॉलिशने जातील का?

उत्तर: नाही. हे धागे लॅकरच्या खाली आहेत आणि पॉलिश वर फिरतं. बारीक दगड लागून किंवा फुटपाथच्या कडेला घासून लॅकरला खाच पडते. लेथवर कापलेल्या धारदार कडेवर लॅकर मुळातच पातळ बसतं, तिथून तर लवकर. त्या खाचेतून पाणी आणि क्षार आत शिरतात आणि गंज लॅकर उचलत पुढे सरकतो. रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात तिथे किंवा समुद्रकाठी हे झपाट्याने होतं.

पक्का उपाय म्हणजे जुनं लॅकर उतरवणं, दर्शनी भाग लेथवर पुन्हा कापणं आणि नवं लॅकर मारणं. प्रत्येक कापणीत धातू कमी होतो, त्यामुळे हे एकाच व्हीलवर मोजक्या वेळाच करता येतं. व्हील आधी कापलं गेलं असेल तर कारागिराला ते सांगा. आमचं मत विचाराल तर दुसऱ्यांदा धागे आलेल्या व्हीलला पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला रंग) किंवा साधा रंग द्यावा. डायमंड कटचा लखलखाट जातो, पण व्हील कितीतरी जास्त टिकतं. पावडर कोटिंगच्या भट्टीचं तापमान किती ठेवतात ते आधी विचारा. अलॉयची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून येते. अति तापमानात जास्त वेळ राहिलं तर ती कमी होते.

खाच ताजी असेल आणि धागा अजून निघाला नसेल तर जागा धुऊन पूर्ण कोरडी करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि टचअपच्या लॅकरचा बारीक थेंब भरा. आणि टायरची हवा विनाकारण कमी होत असेल तर टायर उतरवून रिमची कड बघायला सांगा. टायर जिथे बसतो तिथे गंज चढला की हवा तिथूनच झिरपते.

प्रश्न: उघडं अ‍ॅल्युमिनियम काळवंडलं आहे. घरी हाताने पॉलिश करायचं तर कुठल्या नंबरचा पेपर लावावा? घासताना फडकं सतत काळं होतं, ते थांबेपर्यंत घासायचं का?

उत्तर: काळेपणा थांबायची वाट बघू नका, तो थांबत नाही. तो मळ नसून सुटलेले अ‍ॅल्युमिनियमचे आणि ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण आहेत. घासत राहाल तोवर येतच राहतील. कधी थांबायचं ते फडक्याकडे बघून नाही, व्हीलकडे बघून ठरवा.

नुसता मंदपणा असेल तर पेपरला हात लावू नका. मेटल पॉलिश मऊ सुती फडक्यावर घ्या, तळहाताएवढ्या भागावर जोर देऊन पुढे-मागे घासा, पूर्ण सुकण्याआधी स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि शेवटचा हात अगदी हलका फिरवा. संपूर्ण व्हीलला एकदम पॉलिश फासलं तर ते जागेवर सुकतं.

खरखर किंवा बारीक खड्डे असतील तर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. सुरुवात १००० ने करून बघा. त्याने खरखर गेली नाही तरच ८०० वर या. मग क्रमाने १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३०००. पाण्यात दोन थेंब शाम्पू टाका आणि पेपर सतत ओला ठेवा. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आडवी-उभी बदला. आधीच्या नंबरच्या सगळ्या रेघा मिटल्या की मगच पुढचा घ्या. इथे घाई झाली तर ८०० ची रेघ शेवटच्या पॉलिशनंतर उन्हात चमकते आणि सगळं पुन्हा मागे न्यावं लागतं. नंबर बदलताना व्हील आणि हात दोन्ही धुवा. जाड पेपरचा एक कण बारीक पेपरखाली आला तरी चरा पडतो. त्यानंतर कटिंग कंपाउंड (बारीक रेघा काढणारं जाडसर पॉलिश) आणि शेवटी बारीक मेटल पॉलिश.

ड्रिलला बफ (पॉलिशची मऊ चकती) लावून करत असाल तर एका जागी रेंगाळू नका. जागा हाताला चटका देऊ लागली की कंपाउंड जळून चिकटतं. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच.

प्रश्न: पॉलिशनंतर वॅक्स लावावं की सिरॅमिक?

उत्तर: मेणाचं वॅक्स व्हीलच्या उष्णतेत फार टिकत नाही. व्हीलसाठीचं सिंथेटिक सीलंट बरं: आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॉलिशचा तेलकटपणा काढा, पातळ हात द्या, बाटलीवर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी लागू देऊ नका. सिरॅमिक, म्हणजे सुकून कडक होणारं संरक्षक कोटिंग, लॅकरवर उत्तम. उघड्या पॉलिशवर लावायचं तर लक्षात घ्या की पुढच्या वेळी पॉलिश करायला ते आधी घासून काढावं लागतं. वॅक्स, सीलंट, टायर ड्रेसिंग, यांतलं काहीही ब्रेक डिस्कवर जाता कामा नये. स्प्रे फडक्यावर मारा आणि मग पुसा.

प्रश्न: प्रेशर वॉशर वापरलेला चालतो का?

उत्तर: चालतो. पसरट धारेचा नॉझल लावा आणि किमान ३० सेंटिमीटर लांब धरा. फिरत्या धारेचा नॉझल टायरच्या बाजूवर किंवा व्हॉल्व्हवर कधीही रोखू नका, आतल्या थरांना इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही. उचललेल्या लॅकरच्या कडेवर धार मारली तर पापुद्रा निघालाच समजा.

प्रश्न: व्हील्स काढून आतून-बाहेरून साफ केली. त्यानंतर वेग वाढला की स्टेअरिंग थरथरतं. आधी असं नव्हतं.

उत्तर: आधी नट तपासा, आत्ताच, गाडी पुन्हा चालवण्यापूर्वी. गाडीच्या पुस्तिकेत नटांचा टॉर्क (आवळण्याचा जोर) न्यूटन मीटरमध्ये दिलेला असतो. टॉर्क रेंच लावून समोरासमोरचे नट आलटून-पालटून त्या आकड्यावर आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नटाच्या बसण्याच्या जागेवर पॉलिश, वॅक्स किंवा ग्रीस राहिलं असेल तर पुसून काढा. त्यामुळे तोच टॉर्क दाखवत असतानाही नट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. व्हीलची मागची बाजू आणि हब (व्हील ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) जिथे टेकतात तिथे गंजाचा पापुद्रा अडकला असेल तरी व्हील तिरकं बसतं. हब तारेच्या ब्रशने आणि व्हीलची बाजू नायलॉनच्या कडक ब्रशने साफ करून व्हील पुन्हा बसवा.

हे सगळं ठीक असेल तर व्हीलच्या आतल्या बाजूला बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं आहेत का ते पाहा. डांबर काढण्याच्या द्रावणाने त्यांच्या पट्टीचा डिंक सुटतो आणि जवळून मारलेल्या धारेने ती उडतात. वजन पडलं असेल तिथे डिंकाचा स्वच्छ चौकोनी ठसा दिसतो. अंदाजाने नवं चिकटवू नका, व्हील मशिनवर बॅलन्स करून घ्या. पुढच्या वेळी डांबराचे ठिपके काढताना द्रावण फडक्यावर घेऊन फक्त ठिपक्यापुरतं टेकवा, आणि वजनांच्या भोवती चार बोटं जागा मोकळी सोडा.